हार्डकोर रेव्हचा लाडका काळ कोणता? कधी आलात ते नको, कधी सोडलंत ते सांगा

प्रश्न थोडक्यात असा आहे: हार्डकोर रेव्ह म्हणजे १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला रात्रभराच्या नाचमेळाव्यांत (रेव्हमध्ये) वाजणारं वेगवान संगीत. त्याचे जुने चाहते एकत्र आले की कुणी १९९२ म्हणतं, कुणी १९९३ चा 'डार्क' काळ, कुणी हॅपी हार्डकोर, आणि डच मंडळी गॅबर या आपल्याकडच्या कडक प्रकाराच्या पलीकडे काही मानायलाच तयार नसतात. मग खरा लाडका काळ कोणता? आणि हा सगळा आपापल्या तरुणपणाचा उमाळा आहे, की संगीतातही काही आहे?

आधी सरळ उत्तर. माझ्या पाहण्यात ब्रिटनमध्ये १९९१ चा उत्तरार्ध ते १९९२ ची अखेर हा काळ जिंकतो, आणि नेदरलँड्समध्ये १९९२ ते १९९५. पण तरुणपणाच्या उमाळ्याचं स्पष्टीकरण मला अर्धवट वाटतं. १९९२ मध्ये मी इचलकरंजीत शाळेत जात होतो. हे संगीत माझ्या कानावर पडलं ते त्या दशकाच्या शेवटी, इंग्लंडात शिकायला आल्यावर, दुसऱ्यांनी वाजवून वाजवून घासलेल्या कॅसेटींवरून. तरी आज मी रेकॉर्ड वाजवायला जातो तेव्हा माझ्या पेटीत निम्म्याहून जास्त माल १९९२-९३ चा असतो, आणि समोर नाचणाऱ्यांत २००० नंतर जन्मलेली पोरं भरपूर असतात. त्या काळाची एकही आठवण नसलेल्यांनाही तोच काळ ओढतो, म्हणजे काहीतरी त्या रेकॉर्डमध्येच असणार.

१९९२ चं चांगलं हार्डकोर रेकॉर्ड उघडून बघा. ठेका जुन्या फंक गाण्यांतल्या ढोलाच्या तुकड्यांचा, म्हणजे ब्रेकचा, पण पळवलेला. खाली जमैकन साउंड सिस्टिममधून आलेला बेस. मधेच हाउस या क्लबसंगीतातला पियानो, एखाद्या बाईचा आळवणारा आवाज. आणि वरून बेल्जियम-न्यूयॉर्कच्या टेक्नोतले सिंथेसायझरचे फटकारे. हे सगळं एकाच पाच-सहा मिनिटांत. एसेनचं 'ट्रिप टू द मून' ऐका, त्यात चित्रपटाच्या पार्श्वसंगीतासारखी व्हायोलिन्स आहेत आणि पाठोपाठ ब्रेक तुमच्या अंगावर येतो. पुढच्या प्रत्येक पंथाने या मिश्रणातली एक-दोन जिन्नसं उचलली आणि बाकीची टाकून दिली. माझं म्हणणं एवढंच आहे: चाहत्याचा लाडका काळ म्हणजे त्याला आवडलेली जिन्नस मिश्रणात शेवटची शिल्लक होती तो काळ. म्हणून मी कुणालाही 'तू रेव्हमध्ये कधी आलास' असं विचारत नाही. 'कधी सोडलंस' असं विचारतो, आणि उत्तरावरून त्याचा काळ बहुतेक वेळा बरोबर ओळखता येतो.

हे मिश्रण जमलं कसं, तेही सांगायला हवं. १९८८ च्या उन्हाळ्यात शिकागोचं ॲसिड हाउस लंडन-मँचेस्टरमध्ये पेटलं. १९८९ मध्ये लंडनभोवतीच्या एम-२५ महामार्गालगतच्या शेतांत आणि गोदामांत हजारो पोरं रात्रभर नाचायला लागली. त्याच सुमारास ब्रॅडफर्डच्या युनिक थ्रीने आणि शेफिल्डच्या वॉर्प या लेबलने, म्हणजे रेकॉर्ड कंपनीने, खोल बेस आणि नुसते 'ब्लीप' एवढ्यावर रेकॉर्ड काढले. लंडनच्या हॅकनीकडचे शट अप अँड डान्स हे स्वतःला हिपहॉपवालेच समजत; त्यांनी ब्रेक वेगात वाजवले आणि ते रेव्हवाल्यांनी पळवले. १९९१ मध्ये न्यूयॉर्कच्या जोई बेल्ट्रामने मुंडो म्युझिकबरोबर 'मेंटॅझम' केलं, ते बेल्जियमच्या घेंट शहरातल्या आर अँड एस लेबलवर निघालं. त्यातला घोंघावणारा आवाज रोलंड अल्फा जुनो या सिंथेसायझरचा. तोच आवाज त्याच वर्षी रॉटरडॅमच्या ह्यूमन रिसोर्सच्या 'डॉमिनेटर'मध्ये आला आणि व्हॅक्यूम क्लीनरवरून त्याला 'हूवर' असं नाव पडलं. ब्रेक, बेस, पियानो, हूवर: १९९१ च्या अखेरीस सगळं एका टेबलावर आलं होतं.

आता जी गोष्ट चाहते फारशी बोलत नाहीत पण वाजवणाऱ्याला रोज दिसते ती सांगतो. त्या काळच्या आवाजाला यंत्राच्या मर्यादांनी आकार दिला. बहुतेक पोरं घरच्या खोलीत एक अटारी संगणक आणि एक अकाई सॅम्पलर (दुसऱ्या रेकॉर्डमधला तुकडा, म्हणजे सॅम्पल, उचलून वाजवणारं यंत्र) एवढ्यावर काम करत. काहींकडे तर अटारीही नव्हता; अर्बन शेकडाउनचं 'सम जस्टिस' हे अमिगा या घरगुती संगणकावर झालं. अकाई एस-९५० हा बारा-बिटचा सॅम्पलर, मूळ स्मृती ७५० किलोबाइट. आजच्या फोनवरच्या एका फोटोपेक्षाही कमी! मग जागा वाचवायला रेकॉर्ड ३३ ऐवजी ४५ च्या गतीवर वाजवून सॅम्पल घ्यायचं, आणि सॅम्पलरमध्ये ते पुन्हा खाली उतरवायचं. यात आवाजाला एक खरखर चढते, ढोलाला कड येते. शिवाय सॅम्पलचा वेग वाढवला की त्याचा स्वरही चढतो. १९९२ मध्ये ठेका धावायला लागला तसे गाणाऱ्या बायकांचे आवाज चिमणीसारखे झाले ते यामुळेच. ही खोड पुढे खूण झाली. आज कुणी महागड्या सॉफ्टवेअरवर तसंच रेकॉर्ड करायला बसतो तेव्हा ती खरखर मुद्दाम घालावी लागते, आणि बऱ्याचदा ती घातलेली आहे हे ऐकू येतं.

ठेक्याबद्दल आणखी एक. जो ब्रेक सगळ्यांत जास्त वापरला गेला तो विन्स्टन्स या अमेरिकन बँडच्या १९६९ च्या 'आमेन, ब्रदर' या गाण्यातला, चार मात्राचक्रांचा, जेमतेम सात सेकंदांचा. तो वाजवणारा ड्रमर ग्रेगरी कोलमन २००६ मध्ये बेघर अवस्थेत गेला. त्या सात सेकंदांवर एक आख्खी संगीतपरंपरा उभी राहिली आणि त्याला त्यातला एक पैसाही मिळाला नाही. २०१५ मध्ये चाहत्यांनी वर्गणी काढून बँडच्या गायकाला सुमारे चोवीस हजार पौंड दिले. सुवर्णकाळाच्या गप्पा मारताना हा हिशेब कुणी काढत नाही, म्हणून इथे काढला.

वेग हा या सगळ्या भांडणाचा कणा आहे. १९९१ मधली बरीचशी रेकॉर्ड १२५-१३० बीपीएमच्या (मिनिटाला ठोक्यांच्या) आसपास, १९९२ च्या अखेरीस १४५-१५०, आणि १९९४ पर्यंत १६० च्या पुढे. टेक्निक्सच्या टर्नटेबलवर वेग आठ टक्के वर किंवा खाली करता येतो. म्हणजे १३० चं रेकॉर्ड पूर्ण वर ढकललं तर १४० ला पोचतं, आणि १५० चं पूर्ण खाली ओढलं तर १३८ ला येतं. दोन्ही जेमतेम एकमेकांना भेटतात, पण पहिल्यातला आवाज एका अर्धस्वराहून जास्त चढलेला असतो आणि दुसऱ्यातला तितकाच पडलेला. अठरा महिन्यांत संगीत एवढं पळालं की त्याच जागेवरची दोन रेकॉर्ड एकमेकांत धड मिसळत नाहीत. माणसंही तशीच सुटत गेली. १३० वर कमरेने नाचणारा माणूस १५० वर थांबला, भिंतीला टेकला, आणि पुढच्या हंगामात आलाच नाही. त्याच्यासाठी रेव्ह १९९१ मध्येच संपलं.

१९९२ मध्ये आणखी दोन गोष्टी झाल्या. एक म्हणजे हे संगीत थेट लोकप्रिय यादीत घुसलं. प्रॉडिजीचं 'चार्ली' १९९१ मध्ये ब्रिटिश यादीत तिसरं आलं होतं. १९९२ मध्ये एसएल-टूचं 'ऑन अ रॅगा टिप' दुसरं, आणि लहान मुलांच्या टीव्ही कार्यक्रमाच्या सुरावटीवर बेतलेलं स्मार्ट ईजचं 'सेसमीज ट्रीट'ही दुसरं. 'मिक्समॅग' मासिकाने मुखपृष्ठावरच विचारलं, चार्लीने रेव्ह मारलं का? दुसरी गोष्ट, मे महिन्यात वूस्टरशायरच्या कासलमॉर्टन कॉमनवर आठवडाभर चाललेलं फुकट रेव्ह. वीस हजारांहून जास्त माणसं. स्पायरल ट्राइबच्या तेरा जणांवर खटला भरला, त्यांची निर्दोष सुटका झाली. पण १९९४ च्या फौजदारी न्याय कायद्यात सरकारने 'पुनरावृत्त ठोक्यांच्या' संगीताची व्याख्याच घातली आणि पोलिसांना अशा रात्री मोडायचे अधिकार दिले. त्याआधी १९९० मध्येच विनापरवाना पार्ट्यांचा दंड वीस हजार पौंडांपर्यंत नेला होता. त्यामुळे शेतात सुरू झालेलं हे प्रकरण कॉव्हेंट्रीचं 'इक्लिप्स', मिल्टन कीन्सचं 'सँक्च्युअरी' अशा परवानाधारक जागांत आलं. मोकळ्या आभाळाखालचं रेव्ह ज्यांना हवं होतं ते तिथेच गळाले, आणि त्यांच्या मते त्यानंतरचं सगळं तिकिटाचं दुकान.

माझी स्वतःची निवड मात्र १९९२ ची अखेर ते १९९३ चा मध्य. म्हणजे ज्याला 'डार्कसाइड' म्हणतात तो काळ. बालगीतांच्या सॅम्पलची लाज वाटून निर्मात्यांनी हसरे पियानो काढून टाकले, किंकाळ्या आणि भयपटातले तुकडे घातले, बेस आणखी खोल नेला. नशेच्या गोळ्यांचा उतारही त्यात होता, हे लपवण्यात अर्थ नाही. १९८९ पासून दर शनिवारी एक्स्टसी घेणाऱ्या पिढीला आता आनंदाऐवजी भास व्हायला लागले होते. पण संगीत म्हणून बघाल तर याच महिन्यांत सगळ्यांत जास्त शोध लागले. गोल्डीने मेटलहेड्स या नावाने केलेलं 'टर्मिनेटर' घ्या, १९९२ चं: त्यात ढोलाचा स्वर वर चढत जातो पण वेग तसाच राहतो. आज हे फोनवर होतं. तेव्हा ऐकणाऱ्याला पायाखालची जमीन वर उचलल्यासारखी वाटली असणार. डॉक स्कॉटचं 'हिअर कम द ड्रम्झ', १९९३ मधलं ओरिजिन अननोनचं 'व्हॅली ऑफ द शॅडोज', रीइनफोर्स्ड आणि मूव्हिंग शॅडो या लेबलांची त्या वर्षीची जवळपास कुठलीही रेकॉर्ड. त्यात नियम ठरलेले नाहीत, हे ऐकताना जाणवतं. करणाऱ्यालाच पुढच्या सोळा मात्रांत काय होणार ते नक्की नसतं. १९९५ नंतर ते नक्की असतं.

डार्क काळाने लोक पळवून लावले, हेही खरं. मुली नाचायच्या बंद झाल्या, हॉल रिकामे पडले, अशी तक्रार त्या काळच्या डीजेंच्या बोलण्यात नेहमी येते. १९९३ च्या उत्तरार्धात रस्ते फुटले. एकीकडे लंडन, ब्रिस्टल, बर्मिंगहॅम इथे ब्रेक आणि बेस घेऊन 'जंगल' नावाचा पंथ उभा राहिला. जमैकन रॅगा गायकीचे आवाज, काळ्या तरुणांची गर्दी, कूल एफएमसारखी चाळीच्या गच्चीवरून चालणारी चोरटी रेडिओ केंद्रं. दुसरीकडे मिडलँड्स, उत्तर इंग्लंड आणि स्कॉटलंडमध्ये पियानो आणि बायकांचे आवाज घेऊन हॅपी हार्डकोर. या फाटाफुटीत गोरं-काळं, शहर-गाव हे सगळं मिसळलेलं होतं, आणि दोन्हीकडचे चाहते आजही ते कबूल करायला कचरतात.

जंगलचा मुद्दा आपल्यासाठी जरा जवळचा. बेस हा कानाने नाही, छातीने ऐकायचा असतो हे जमैकन साउंड सिस्टिमचं तत्त्व सांगली-कोल्हापूरकडच्या माणसाला शिकवावं लागत नाही. विसर्जनाच्या मिरवणुकीत डॉल्बीच्या भिंतीसमोर उभं राहिलं की कळतं. जंगलमध्ये ढोल १६० ने पळतात आणि बेस त्याच्या निम्म्या चालीने, ८० ने चालतो. नाचणारा हवा तो वेग धरतो. म्हणून मला वाटतं जंगल टिकलं, आणि पुढे ड्रम अँड बेस होऊन जगभर गेलं. लंडनच्या हॉक्स्टन चौकातल्या 'ब्लू नोट' क्लबमध्ये रविवारी गोल्डीची मेटलहेड्झ रात्र असायची आणि सोमवारी तलविन सिंगची 'अनोखा', जिथे त्याच ब्रेकवर तबला चढायचा. तलविन सिंगला १९९९ मध्ये मर्क्युरी पारितोषिक मिळालं. तबल्याच्या त्या रेकॉर्डांचं मूळ १९९२ च्या हार्डकोरमध्ये आहे हे आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक आहे. गोव्याचं उलट झालं. हणजुण्याच्या किनाऱ्यावर रेव्ह म्हणून जे रुजलं त्यात ब्रेक नव्हतेच. सरळ चार ठोक्यांची किक (ड्रमचा जड ठोका) आणि वर वळणावळणाने जाणारं सिंथ, तेही उन्हात विनाइल वाकडं होतं म्हणून डॅट या डिजिटल टेपवरून वाजवलेलं. तो पंथच वेगळा. गोव्यात घडलेल्या कानांना गॅबर लवकर पचतं, जंगल उशिरा, असा माझा अनुभव आहे.

हॅपी हार्डकोरला मी एका परिच्छेदात उरकतो, आणि त्याचे चाहते मला माफ करणार नाहीत. १९९४ ते १९९७ हा त्याचा भर. स्लिपमॅट, हिक्सी, शार्की, डुगल, स्कॉटलंडमध्ये स्कॉट ब्राउन. १९९६ पासून 'बॉन्कर्स' नावाची संकलनं. सुरुवातीच्या रेकॉर्डांत अजून ब्रेक आहेत आणि ती खरोखर गोड आहेत. नंतर ब्रेक गेले, नुसती किक उरली, आणि प्रत्येक गाणं त्याच पियानोवर येऊन थांबायला लागलं. पण एक गोष्ट मान्य करतो. रिकाम्या झालेल्या हॉलांत माणसं परत आणली ती यांनीच, आणि लीड्स-ग्लासगोच्या पोरांना हसत नाचायचं होतं तेव्हा लंडनची विद्वान मंडळी त्यांना नाक मुरडत होती.

गॅबरची गोष्ट वेगळ्या मुळापासून सुरू होते. फ्रँकफर्टच्या मार्क ट्राउनरने, म्हणजे मार्क अकार्दिपानेने, मेस्कालिनम युनायटेड या नावाने 'वी हॅव अराइव्ह्ड' केलं, १९९० च्या सुमारास. पुढे न्यूयॉर्कच्या लेनी डीने आपल्या इंडस्ट्रियल स्ट्रेंग्थ लेबलचा श्रीगणेशा त्याच रेकॉर्डने केला. रॉटरडॅमच्या 'पार्कझिख्त' क्लबमध्ये डीजे रॉब हे असलं काही वाजवत होताच; १९९२ मध्ये पॉल एल्स्टाकने रॉटरडॅम रेकॉर्ड्स काढलं आणि युरोमास्टर्सच्या पहिल्याच रेकॉर्डमध्ये 'ॲमस्टरडॅम? ते कुठे आलं?' अशी खोडी काढली. बंदरातल्या कामगार शहराने राजधानीच्या शिष्ट हाउसवाल्यांना दिलेलं उत्तर. ऑक्टोबर १९९२ मध्ये हेरेनव्हेनच्या स्केटिंगच्या मैदानात पहिलं 'थंडरडोम' झालं आणि हे शहरी वेड देशभर पसरलं. टक्कल, चकचकीत ट्रॅकसूट, एअर मॅक्स बूट, आणि पाय आपटत नाचायचा 'हाकन'.

तंत्र अगदी साधं वाटतं. रोलंड ९०९ या ड्रम यंत्राची किक घ्यायची आणि ती फाटेपर्यंत डिस्टॉर्ट करायची, म्हणजे विकृत करायची. पण फाटताना तिला एक शेपूट फुटतं, त्या शेपटाला स्वर असतो, आणि तो स्वर वरखाली केला की किक हाच बेस होतो. वेगळ्या बेसची गरजच उरत नाही. ब्रिटिश हार्डकोरवाल्याला गॅबर रिकामं वाटतं आणि गॅबरवाल्याला ब्रेक म्हणजे ढोलाचा पसारा वाटतो, त्याचं कारण इथे आहे. दोघं बेस वेगवेगळ्या जागी शोधत असतात.

डच चाहत्याचा काळ कुठे संपतो हे विचारा, बहुतेक १९९५ ते १९९७ मधलं काहीतरी सांगेल. १९९५ मध्ये एल्स्टाकनेच 'रेनबो इन द स्काय'सारखी गोड गाणी काढून यादी गाजवली, १९९६ मध्ये पार्टी ॲनिमल्सचं गाणं पहिल्या क्रमांकावर गेलं, आणि १९९७ मध्ये 'हाकूहबार' या विनोदी मंडळींनी गॅबर पोरांची थट्टा करणारं 'गॅबर्त्ये' हे गाणं गाजवलं. ज्या पंथावर लहान मुलं हसतात त्याचा ट्रॅकसूट कोण घालणार? त्यात काही टकले वंशवादी गटही शिरले. काही लेबलांनी रेकॉर्डवर वंशवादविरोधी घोषणा छापल्या, पण बाहेरच्यांच्या मनातला शिक्का बसला तो बसलाच. २००० नंतरचं हार्डकोर संथ, जड, स्टेडियमसाठी घडवलेलं. अँगरफिस्ट वगैरे. त्याचेही निष्ठावंत आहेत आणि मैदानं भरतात, पण मला त्यात निर्मिती उत्तम आणि जोखीम कमी दिसते. थंडरडोम २०१२ मध्ये बंद केलं, २०१७ मध्ये पुन्हा उभं केलं, आणि तिथे जुन्या काळाच्या हॉलमध्ये वीस-बावीस वर्षांची पोरं हाकन करत होती.

तुम्ही नव्याने ऐकणार असाल तर सुट्या गाण्यांच्या यादीपासून सुरुवात करू नका. हे संगीत एकमेकांत मिसळून वाजवायला केलेलं आहे. 'फँटाझिया', 'ड्रीमस्केप', 'हेल्टर स्केल्टर' या रात्रींचे त्या काळी कॅसेटींच्या संचात विकले गेलेले सेट आता सहज सापडतात. १९९२ चा एक, १९९३ च्या उन्हाळ्यातला एक आणि १९९५ चा एक असे लागोपाठ ऐका. कुठल्या सेटमध्ये तुम्हाला काहीतरी हरवल्यासारखं वाटतं ते बघा, तुमचा काळ त्याच्या आधीचा. जुनी मूळ रेकॉर्ड विकत घ्यायची घाई तर मुळीच नको. किमती वेड्यासारख्या चढल्या आहेत आणि तेव्हाचं बरंच दाबकाम सुमार होतं. नाइटफोर्ससारख्या जुन्या लेबलांनी नव्याने काढलेल्या प्रती स्वच्छ वाजतात, आणि टिम रीपरसारखी नवी मंडळी १९९३ जिथे थांबलं तिथून पुढे रेकॉर्ड काढत आहेत, तीही त्याच पैशात येतात.